पाहुण्यांचं पाणी

"हे चाक फिरवलं की काय काय बंद होतं, काका?"

क्लबच्या मॅनेजरनं हे विचारलं तेव्हा पानाकाका बॉयलरच्या खोलीत गुडघे टेकून एका पाइपच्या सांध्याला कान लावून बसले होते. सांधा गळत नव्हता. पण गळायच्या विचारात आहे असा त्यांना सकाळपासून संशय होता, आणि संशय आला की ते पाना बाजूला ठेवून आधी कान लावत.

"पाहुण्यांच्या खोलीचं सगळं," ते न उठताच म्हणाले. "शॉवरचं गरम पाणी, आणि भिंतीतल्या नळ्यांतून फिरून खोली उबदार ठेवतं ते पाणीही. दोन्ही एकाच वाटेनं जातं. का? काही तक्रार आली का?"

तक्रार नव्हती, हुकूम होता. शनिवारच्या सामन्याला पाहुणा संघ यायच्या आधी हे चाक घट्ट बंद करायचं, असं कोचसाहेबांनी सांगितलं होतं. बाहेर बोलताना तोंडातून वाफ निघेल अशी थंडी पडली होती. तीन तास बसमध्ये आखडून आलेले खेळाडू गारठलेल्या खोलीत कपडे बदलतील, त्यांचे पाय लाकडासारखे होतील आणि पहिला अर्धा तास तरी ते धड पळणार नाहीत, असा कोचसाहेबांचा अंदाज होता.

पानाकाकांना ही थट्टा वाटली आणि ते मोठ्यांदा हसले. मॅनेजर आयुष्यात कधी थट्टा करत नाही, हे त्यांना हसून झाल्यावर आठवलं.

"अहो, पण नियमात बसतं का हे?"

"नियमात लिहिलंय, गरम पाण्याची सोय असावी. सोय आहेच की आपल्याकडं. चालू असावी असं कुठं लिहिलंय?"

शिकलेल्या माणसाचं डोकं हे, त्यापुढं आपण काय बोलणार? पानाकाका उठले, फडक्याला हात पुसले, आणि त्या खोलीच्या दारावर पाटी काय आहे, एवढंच त्यांनी विचारलं. मॅनेजर म्हणाला, पाहुणा संघ.

"मग झालं तर. पाहुणा म्हणून बोलावलेल्या माणसाला मी गारठवत नाही. आधी ती पाटी बदला, मग चाकाचं बघू."

समोरचा माणूस टळावा म्हणून माणसं असं काहीतरी बोलतात, तसंच हे होतं. पण मॅनेजरनं गंभीरपणे मान डोलावली, फोनमध्ये काहीतरी टिपून घेतलं आणि तो निघून गेला. पानाकाकांनी पुन्हा सांध्याला कान लावला.

आता पानाकाका म्हणजे कुणी बंडखोर माणूस नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. सत्तावीस वर्षं हा माणूस या फुटबॉल क्लबचे नळ सांभाळत आला होता आणि तेवढ्या काळात त्यानं वरच्या कुणाला उलट उत्तर दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत उरलं होतं. केव्हातरी एका गोलरक्षकानं त्यांच्या खिशातला पाना बघून त्यांना पानाकाका म्हटलं, तो गोलरक्षक पुढं क्लब सोडून गेला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

जुन्या इमारतीत दोन संघांना मिळून एक शॉवर होता. बाकीचे लोक पिंपातलं पाणी डोक्यावर घेत, आणि ते पिंप मागच्या अंगणात लाकडांवर तापवायचं कामही पानाकाकांचंच. पाइप इतके गंजलेले की त्यांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून ते कसंबसं निभावून नेत. दरवर्षी ते क्लबच्या कमिटीला यादी देत: एवढे पाइप, एवढे नळ, एक नवा बॉयलर. दरवर्षी कमिटी म्हणे, बघू. त्या 'बघू'ला अकरा वर्षं झाली. कागद घड्यांवर फाटला की पानाकाका यादी नव्या कागदावर उतरवून काढत आणि पुन्हा खिशात ठेवत.

मग क्लब आताच्या मालकांनी विकत घेतला. मालकांचा गाद्यांचा कारखाना होता. अर्धा देश त्यांच्या गाद्यांवर झोपतो आणि ते स्वतः मात्र चार तासांवर झोपत नाहीत, असं लोक म्हणत. फुटबॉलमधलं त्यांना काय कळतंय, हौस आहे, दोन वर्षांत फिटेल, असंही म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या नोकरांना एका रांगेत उभं केलं आणि एकेकाला विचारत गेले, काय कमी आहे? सगळं छान आहे साहेब, असं सगळे सांगत गेले. पानाकाकांनी मात्र खिशातून यादी काढून दिली. मालकांनी ती उभ्याउभ्या वाचली, उलटून मागची बाजूही वाचली, आणि विचारलं, "अजून?"

हा एक शब्द पानाकाकांनी पुढं सहा वर्षं भेटेल त्याला सांगितला. त्यांची बायको तर तो मालकांच्या सुरासकट म्हणून दाखवायची.

आणि माणूस नुसता विचारून थांबला नाही. यादीतलं सगळं आलं, यादीत नव्हतं तेही आलं. नवी इमारत उभी राहिली. गवताला ऊन कमी पडतं म्हणून चाकांवर फिरणारे दिवे आले. दुखऱ्या पायांसाठी बर्फाचे हौद, गुडघ्यांसाठी यंत्रं, पूर्ण वेळचा डॉक्टर, आणि कुणी काय खायचं एवढंच ठरवणाऱ्या एक बाई. खेळाडूंच्या वसतिगृहात अर्थातच मालकांच्या गाद्या. लांबलांबून खेळाडू विकत आणले, त्यांच्याहून महाग असा कोच आणला. जो क्लब तिसऱ्या श्रेणीत रखडत होता तो चार वर्षांत पहिल्या श्रेणीत गेला. घरच्या संघाची खोली आणि पाहुण्यांची खोली मालकांनी अगदी सारखी बांधली. त्यात काही उदात्त विचार नव्हता. माल एकदम घेतला की घासाघीस करता येते, असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. पण तांब्याचे ते सगळे पाइप पानाकाकांनी उभं राहून बसवून घेतले होते, आणि येताजाता ते त्यांच्यावरून हात फिरवत. मालकांनी सांगितलं असतं तर बॉयलर डोक्यावर घेऊन त्यांनी मैदानाला फेरी मारली असती. म्हणून तर पंचाईत होती, कारण चाक बंद करायचा हुकूम त्याच माणसानं आणलेल्या कोचचा होता.

वर्ष मात्र वाईट गेलं होतं. दोन मुख्य खेळाडू गुडघे धरून बसले, संघ घसरत घसरत तळाला आला. शनिवारचा शेवटचा सामना बरोबरीत सुटला तरी क्लब पहिल्या श्रेणीत टिकणार होता. हरला, तर दुसऱ्या श्रेणीत जाणार, आणि मग नोकरांपैकी निम्मे घरी जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पानाकाकांना निवृत्तीला दोन वर्षं होती, म्हणजे निम्म्यात पहिलं नाव त्यांचंच.

संध्याकाळी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फिरवा की मग. पाणीच तर आहे."

"अगं, पाहुणे आहेत ते."

"तुमच्याकडं जेवायला येतात का? गोल मारायला येतात."

यावर पानाकाका जे बोलायला लागले ते थांबेचनात. आपल्या खेळाडूंना त्या माणसानं काय कमी केलं, कुठल्या क्लबात आहे असा बॉयलर, असं गवत, आणि एवढं सगळं देऊन वर दुसऱ्याचे पाय गारठवून जिंकायचं? पाणी पाजायचं तर मैदानावर पाजा, न्हाणीघरात पाणी तोडून कसलं पाजता? बायकोनं त्यांच्या ताटात वाढलं आणि ऐकत राहिली. तिला ते अजिबात पटलं नव्हतं. नोकरी गेली तर महिन्याचं काय, हे तिला दिसत होतं आणि तसं तिनं तोंडावर सांगितलंही. तुमच्या डोक्याला पाना लावला तरी ते फिरायचं नाही, असंही म्हणाली.

"पण हे मला कशाला सांगताय?" ती शेवटी म्हणाली. "ज्यानं 'अजून' विचारलं त्याला सांगा."

मालकांना सांगायचं, या कल्पनेनंच पानाकाकांच्या तोंडचं पाणी पळालं.

शुक्रवारी सकाळी ते कामावर आले तर पाहुण्यांच्या खोलीशी सुतार उभा. जुनी पाटी खाली भिंतीला टेकवलेली, आणि दारावर नवी कोरी पाटी: प्रतिस्पर्धी संघ. मॅनेजर शेजारी हात बांधून उभा होता. त्याला जिंकल्याचा आनंद झाला होता असं नाही; सांगितलेलं काम झालं एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"पाटी बदलली, काका," तो म्हणाला. "आता तुमचा शब्द."

बोलणं असं अंगाशी येतं. पानाकाकांनी आयुष्यात शब्द फिरवला नव्हता. उद्या नळ दुरुस्त करतो म्हणाले तर उद्याच करत, ताप असला तरी करत. ते बॉयलरच्या खोलीत गेले, मॅनेजर मागोमाग. त्यांनी चाकावर हात ठेवला. त्यांनी स्वतः तेल घातलेलं चाक ते, दोन बोटांनी फिरलं असतं. कुणाकडं बघू नये म्हणून त्यांनी झरोक्यातून बाहेर मैदानाकडं बघितलं, आणि तिथं उद्यासाठी मोठा विजेचा गुणफलक चालू करून बघत होते. पुरुषभर उंचीची अक्षरं झळकत होती: यजमान ०, पाहुणे ०.

पानाकाकांचा हात चाकावरून निघाला.

"तिथं काय लिहिलंय ते वाचा," ते म्हणाले. "मी शब्दाला पक्का आहे. तिथलंही बदला, लगेच फिरवतो. आणि बदलायचंच तर दोन्ही बदला. ते पाहुणे नाहीत म्हटल्यावर आपण तरी यजमान कसले?"

मॅनेजरच्या कपाळावर पहिल्यांदाच आठी पडली. तो फलक मालकांचा फार लाडका होता. परदेशातून आणून, स्वतः उभं राहून त्यांनी तो बसवून घेतला होता आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यावरचं अक्षर हलवायचं नाही असा दंडक होता. मॅनेजरनं फोन लावला. लांब जाऊन, पाठ करून बोलला, आणि परत येऊन म्हणाला की मालक स्वतः येतायत.

मालक चार वाजता बॉयलरच्या खोलीत आले, सोबत कोचसाहेब. कोचसाहेब वाईट माणूस नव्हता, हेही सांगायला हवं. सकाळी सहाला मैदानावर यायचा, हरल्यावर खेळाडूंना कधी लोकांसमोर बोलायचा नाही. त्यानं सरळ सांगितलं की तो स्वतः पंधरा वर्षं खेळला आणि बाहेरच्या मैदानांवर त्याला नेहमी गारच पाणी मिळालं, त्याचं कुणी काही मनावर घेत नाही. "तुम्ही मला जिंकायला आणलंय, साहेब. मला जे जे सापडेल ते मी वापरणार."

मालकांनी पानाकाकांकडं बघितलं. रात्रीपासून मनात जुळवलेली सगळी वाक्यं पानाकाकांच्या डोक्यातून गेली होती. एकच उरलं.

"मालक, एवढं सगळं तुम्ही उभं केलंत. आणि उद्या जिंकलो, तर आपली पोरं जिंकली की माझं चाक जिंकलं, हे मला कधी कळायचं नाही."

मालकांनी विचारलं, "पाणी चालू ठेवलं तर जिंकायची हमी देता?"

"माझी हमी पाण्यापुरती, मालक."

कोचसाहेबालाही हसू आवरलं नाही. मालक मात्र हसले नाहीत. ते पाहुण्यांच्या खोलीत गेले, बाकावर बसले, मागं टेकले. भिंत उबदार होती. बराच वेळ ते तिथं बसून होते, आणि दारात तिघं जण काय करावं ते न कळून उभे.

"मी गाद्या विकतो," ते शेवटी म्हणाले. "माझ्या घरी मुक्कामाला आलेल्या माणसाला मी फरशीवर झोपवलं, तर माझी गादी कोण घेईल? इतकं ओतलंय मी या क्लबात. ते एका चाकाच्या जिवावर जिंकण्यासाठी नाही ओतलं. ती पाटी होती तशी लावा."

जाताना ते पानाकाकांजवळ थांबले. उद्या हरलो तर निम्मी माणसं जातील, माहीत आहे ना, असं त्यांनी हळूच विचारलं. पानाकाका म्हणाले, माहीत आहे. "मलाही माहीत आहे," मालक म्हणाले आणि गेले.

शनिवारी पानाकाकांनी दोन्ही खोल्यांची चाकं पूर्ण उघडली आणि दोन्हीकडं पाण्याखाली मनगट धरून बघितलं. काडीचा फरक नव्हता. मैदान भरून वाहत होतं आणि लोक घसा फोडून ओरडत होते, पाणी पाजा, पाणी पाजा. पानाकाका खेळाडू मैदानात उतरतात त्या बोळात उभे राहिले. घरचा संघ त्या दिवशी जसा खेळला तसा वर्षभरात खेळला नव्हता. दोनदा चेंडू खांबाला लागून परत आला. एकदा तर गोल झालाच असं समजून पानाकाकांनी शेजारच्या सुताराला मिठी मारली. पाहुणेही जोरात पळत होते, पहिल्या मिनिटापासून. बरोबरीवर वेळ संपत आली. मग सहा मिनिटं उरली असताना पाहुण्यांचा एक उंच, लुकडा राखीव खेळाडू आत आला, त्याला धड कुणी अडवलंही नाही, आणि त्यानं डोक्यानं चेंडू जाळ्यात घातला.

यजमान ०, पाहुणे १. फलकावर ते तसंच राहिलं.

पानाकाका रडले. लपूनछपून नाही, बोळात भिंतीला टेकून, बाहीनं डोळे पुसत रडले. खेळाडू एकेक करून त्यांच्यासमोरून आत गेले, कुणी वर बघेना. पाय गार असते तर तो लुकडा एवढा उडाला असता का? आपल्याच हातानं आपण हे केलं का? कोचसाहेब शेवटी आला. तो थांबला, त्यानं पानाकाकांकडं बघितलं, आणि एक शब्द न बोलता गेला. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पानाकाकांना वाटलं.

पण काम संपलं नव्हतं. पाहुणे गेल्याशिवाय चाक बंद करता येत नव्हतं. मैदान रिकामं झालं, झाडूवाले आले, पाहुण्यांची बस फाटकाशी सुरू होऊन उभी राहिली, तरी आत एक शॉवर चालूच होता. तो लुकडाच होता. एकटाच राहिला होता आणि पाण्याखाली उभं राहून मोठमोठ्यानं गात होता. सुराचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. पानाकाका दाराबाहेर उभे राहिले.

बोळाच्या टोकाकडून मालक येताना दिसले. एकटेच होते, कोट हातावर. इतक्या दिवसांत पानाकाकांनी त्यांना एवढं सावकाश चालताना बघितलं नव्हतं. ते जवळ आले तेव्हा पानाकाकांनी बोलायचा प्रयत्न केला. "मालक, मी..." एवढंच निघालं.

मालकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते आतलं ऐकत होते.

"तोच का?" त्यांनी विचारलं.

"तोच."

"पाणी पुरेल ना त्याला?"

"पुरेल. अजून अर्धा तास पुरेल."

"मग घाई करू नका त्याला," मालक म्हणाले. त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि ते पानाकाकांच्या शेजारी उभे राहिले. आतल्यानं एक गाणं संपवून दुसरं धरलं.